हसुरामचा खुंट

मार्गशीर्षातली सकाळ. खाडीवर धुकं उतरलेलं. मंद, मलमली, लवणगंधी धुकं. खाली चिखल, वर आभाळ, आणि दोहोंमधली रेघ कुणीतरी ओल्या बोटानं पुसून टाकलेली.

या मुलखात डोंगर नाही. टेकडी नाही, टेकाड नाही, चढ नाही, उतार नाही. भूमी इथं उभी राहतच नाही. ती पसरते, लोळते, पाण्याला बिलगून पडते. नजर जाईल तिथवर सपाट, आणि नजर थकली की त्यापुढेही सपाट. इथलं सगळ्यात उंच काय, तर गावाचा मातीचा बांध; आणि त्याहून उंच काय, तर त्या बांधावर उभा राहिलेला बगळा. त्याला याचा थोडा गर्वही आहे.

दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, दोनदा बाहेर जातो. येताना विचारत नाही, जाताना सांगत नाही. तो आला की तिवरखार हे गाव आणि समोरचं शेंदूरबेट यांच्यामध्ये नुसतं पाणी. तो गेला की नुसता चिखल. कृष्णवर्ण, रौप्यकांती, श्वास घेणारा चिखल. त्यात निवट्या नावाचे चिमुकले मासे उड्या मारतात, चिंबोऱ्या आपापल्या बिळांच्या दारात बसतात, तिवरांची मुळं बोटं वर करून उभी असतात. आणि त्या चिखलातून एक वाट जाते.

ही वाट डोळ्यांना दिसत नाही. चिखलाच्या पोटात शिंपल्यांचा एक टणक पाट आहे. माणसं एकामागून एक चालतील एवढाच रुंद. त्या पाटावरून चाललं तर चिखल घोट्यापर्यंत. पाटावरून पाय घसरला तर गुडघ्यापर्यंत. आणि जिथं पाटच नाही, तिथं किती, हे सांगायला कुणी परत आलेलं नाही, असं गावातली माणसं पाहुण्यांना सांगतात. थोडं वाढवून सांगतात. पण थोडंच.

शिवाय ही वाट एका जागी राहत नाही. पावसाळ्यात खाडीला मिळणारी नदी फुगते, गढूळ होते, उन्मत्त होते, सगळा गाळ उपसून इकडचा तिकडे टाकते. आणि चिखलाखालचा तो शिंपल्यांचा पाट झोपेतल्या माणसासारखा कूस बदलतो. म्हणून दसरा झाला की वाट नव्यानं शोधावी लागते. एक घर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आलेलं आहे. त्या घरच्या पुरुषानं अनवाणी चिखलात उतरायचं, टाचेनं भुई दाबत जायचं, आणि टाचेला शिंपला लागला की तिथं तिवराचा खुंट रोवायचा. त्याच्या बायकोनं मागोमाग जायचं आणि आपल्या तांबड्या लुगड्याची चिंधी त्या खुंटाच्या माथ्याला बांधायची. तांबडं फडकं म्हणजे वाट. याला दुसरा अर्थ नाही.

आणि एक नियम, सगळ्यांत जुना, सगळ्यांत कडक. गेल्या सालचा खुंट जागेवर ठेवायचा नाही. सगळे उपटायचे, सगळे नव्यानं रोवायचे. वाट सरकते, तर तिची खूणही सरकली पाहिजे.

हा नियम हसुरामच्या घरानं कधी मोडला नव्हता. हसुराम गेल्यावर त्याच्या बायकोनं तो मोडला.

हसुरामला चालताना पाहिलेली माणसं अजून गावात आहेत. रुंद टाचा, रुंद हसू, खांद्यावर खुंटांची मोळी. तो चिखलात उतरला की चिखल त्याला ओळखतो असं वाटायचं. वाटेत बोलायचा, गायचा, मागून येणाऱ्या चांगुणाची थट्टा करायचा. तिच्या लुगड्याची चिंधी फाटताना टर्रकन आवाज झाला की म्हणायचा, "चांगू, जपून फाड गो. घरी जाताना नेसाया उरू दे." ती चिखलाचा गोळा उचलून त्याच्या पाठीवर मारायची. त्या गोळ्याचा डाग वाळून पांढरा होई आणि तो तसाच गावभर हिंडे.

शेवटच्या साली, मोठ्या वाकणावर, जिथं वाट बेटाकडे वळते तिथं, त्यानं खुंट ठोकला आणि तो मागं सरून त्याच्याकडे बघत राहिला. "हितं घट बांध," तो म्हणाला. "ह्यो चुकला, तं सगली वाट चुकली." चांगुणानं घट्ट बांधलं. पुढच्या पावसाळ्यात हसुराम तापानं गेला. खाडीनं त्याला नेलं नाही, वादळानं नेलं नाही. घरातल्या खाटेवर, कौलांवरून पाणी पागोळत असताना, तो निमूटपणे गेला.

घरात मुलगा नव्हता. मुलगी होती, कुंदा. दसरा झाल्यावर ती बापाची मोळी खांद्यावर घेऊन चिखलात उतरली. पोरीनं वाट न्यायची का, यावर गावानं थोडी कुरकुर केली, आणि बाजाराचा दिवस आला तेव्हा तिच्याच वाटेनं बेटावर गेलं. कुंदाच्या टाचा बापाच्याच होत्या. तिनं एकेक जुना खुंट उपटला, एकेक नवी जागा शोधली. मोठ्या वाकणावर ती आली, तेव्हा तिची आई तिथं चिखलात बसली होती. दोन्ही हातांनी खुंट कवटाळून बसली होती.

"ह्यो नको," चांगुणा म्हणाली. "या वर्साला नको."

कुंदानं तो ठेवला. त्या दिवशी तिला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं.

मग वर्षं गेली. पाऊस आले, पूर आले. शिंपल्यांच्या पाटानं कूस बदलली, पुन्हा बदलली. वाट आता वाकणापाशी जातच नव्हती. ती पुष्कळ अलीकडे, जुन्या तिवरांच्या राईपाशी वळत होती. हसुरामचा खुंट एकटा उरला, दूर, अथांग मऊ चिखलात. त्याच्या अंगावर कालवं चढली, शेवाळ चढलं, मिठाची पांढरी पुटं चढली. आणि त्याच्या माथ्यावर दरसाल नवं तांबडं फडकं चढलं. इतर खुंटांना कुंदा बाजारातून आणलेलं तांबडं कापड बांधी. या एका खुंटाला मात्र चांगुणा आपलं तेच लुगडं फाडून चिंधी बांधी. लग्नानंतर हसुरामनं घेतलेलं, पेटीत जपलेलं, गर्द कुंकुमवर्णी लुगडं.

ती चिखलावर सरकायची फळी घेऊन जाई. एक गुडघा फळीवर, दुसऱ्या पायानं रेटा. खाडीतल्या बाया अशाच शिंपल्या वेचायला जातात. फळी असेल तर चिखल माणसाला गिळत नाही. खुंटापाशी पोचली की चांगुणा चिंधी बांधी, गाठ दातांनी आवळी, आणि थोडा वेळ तिथंच थांबे. गाठ आवळताना खुंट हलायचा. दरसाल थोडा जास्त हलायचा. वारा आहे, असं ती मनाशी म्हणायची. वारा नसला तरी म्हणायची.

गावाला त्या खुंटाचा त्रास नव्हता. तो हसुरामचा खुंट आहे हे शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. बाजाराला जाता-येता कुणी लांबूनच हात वर करी, "काय हसुराम, बरं हाय ना?" असं विचारी, आणि खऱ्या वाटेनं निघून जाई. गावाला ठाऊक म्हणजे जगाला ठाऊक, अशी तिवरखारची भोळी समजूत होती. ही चूक तिवरखारच्या माणसांनीच करावी.

मग जग आलं.

ते शहरातून आलं, सकाळच्या गाडीनं आलं, पाठीवर पिशव्या आणि हातात काठ्या घेऊन आलं. गड चढून, घाट उतरून कंटाळलेली माणसं आता सपाटीवर चालायला येऊ लागली. बांधावर एक फलक लागला. 'निसर्गवाट' असं त्यावर लिहिलेलं, आणि बाजूला रोहित पक्ष्याचं चित्र. चितारी कोंबडीवर वाढलेला असावा, कारण त्याचा रोहित चांगलाच गुबगुबीत झाला होता. गावातली म्हातारी माणसं बांधावर बसून या चालणाऱ्यांकडे बघत आणि विचारत, चढ नाही, उतार नाही, तर हे दमतात कशानं? पण कुंदाला काम मिळालं, मान मिळाला. ती त्यांना ओहोटीत बेटावर नेई, गुलाबी थव्यांपाशी उभी करी, आणि भरतीच्या आत परत आणी.

निघण्यापूर्वी बांधावर ती सगळ्यांना एकच गोष्ट सांगे. "तांबडं फडकं दिसलं, तं तिकडं पाऊल टाकायचं. फडकं दिसलं नाय, तं जागेवर थांबायचं." आणि मग, थोडं थांबून, थोडं खाली बघून, पुढं सांगे, "वाकनावरचा त्यो एक खुंट सोडून. त्यो वाटेचा नाय. त्यो माज्या बापसाचा हाय." माणसं तिकडं बघत. कुणी हात जोडी. कुंदाला ते वाक्य दर वेळी नव्यानं गिळलेल्या काट्यासारखं लागे.

त्या धुक्याच्या सकाळच्या आदल्या दिवशी चांगुणा फळीवरून परत आली, हाताला कालवांचे ओरखडे, ओठाला मीठ. नवी चिंधी बांधून आली होती. कुंदा बांधावर तिची वाट बघत उभी होती.

"आये, काढूया गो त्यो खुंट या वर्साला."

"पुढच्या वर्साला."

"दरसाल हेच सांगतंस."

"कुनाचं काय खातंय त्यो? सगल्या गावाला ठावं हाय."

"गावाला ठावं हाय. त्या मानसाना काय ठावं? एक दिस कोन तरी जाईल तिकडं."

"मंग तू सांग त्याना. तोंड हाय ना तुना?"

कुंदाचा आवाज चढला. "माजा पन बापूस व्हता त्यो, आये. मना काय वाटत नाय?"

चांगुणानं फळी खाली ठेवली. ती रडली नाही, ओरडली नाही. "तुजा बापूस व्हता," ती म्हणाली. "माजं तेवढंच उरलंय." आणि फळी पुन्हा उचलून ती घराकडे चालू लागली. त्या रात्री दोघी एकाच चुलीवरचं जेवण दोन कोपऱ्यांत बसून जेवल्या.

आणि आता ही सकाळ. हे मंद, मलमली, लवणगंधी धुकं.

बांधावर शहरातली माणसं जमलेली. रंगीबेरंगी जाकिटं, नवे बूट, दबकी उत्सुक बोलणी. बांधाच्या पायथ्याशी चांगुणा पाठमोरी बसून आपली फळी धूत होती; कालचं भांडण अजून तिच्या खांद्यांत आखडून बसलेलं. कुंदानं बोलायला सुरुवात केली. तांबडं फडकं दिसलं, तं तिकडं पाऊल टाकायचं. फडकं दिसलं नाय, तं जागेवर थांबायचं. मग नेहमीसारखी थांबली. नेहमीचं वाक्य ओठांवर आलं. तिनं खाली पाहिलं. तिला आईची मान दिसली, वाळलेली, वाकलेली, ऐकत असलेली मान.

कुंदानं ते वाक्य गिळलं. "चला," ती म्हणाली, आणि रांग चिखलात उतरली.

चपक, चपक, चपक. पावलं पडत होती, उठत होती. पाठीमागं उठलेल्या प्रत्येक खड्ड्यात पाणी हळूच भरत होतं आणि चिखल आपलं तोंड मिटत होता. दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. फक्त पांढरेपण, फक्त ओल, फक्त दूर कुठंतरी तुतवार पक्ष्याची बारीक शीळ. पुढं एक तांबडं फडकं उमटे, जवळ येई, मागं सरे. मग पुढचं उमटे. चालणाऱ्यांची बडबड हळूहळू थांबली. इतक्या सपाट, इतक्या मोकळ्या जागेत माणसाला आपलाच आवाज नकोसा होतो.

रांगेच्या शेवटी माणिक वर्टी चालत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, चांगुणाच्याच वयाच्या, शेंदरी जाकीट घातलेल्या. वाटेत धुक्याचा एक पदर बाजूला झाला आणि त्यांना रोहित दिसले. शेकडो असतील. उथळ पाण्यात, एका पायावर, गुलाबी, अरुणकांती, स्वतःच्याच प्रतिबिंबांत बुडालेले. माणिकताई थांबल्या. त्या फक्त थांबल्या, श्वास रोखून, आयुष्यात पहिल्यांदाच काही पाहिल्यासारख्या. पदर पुन्हा मिटला तेव्हा रांग पुढं गेलेली होती.

बाई वेंधळ्या नव्हत्या, हट्टी नव्हत्या. जन्मभर मुलांना सूचना पाळायला शिकवलेली बाई होती ती. फडकं दिसेना, म्हणून त्या जागेवर उभ्या राहिल्या. हाक मारली, धुक्यानं ती कापसानं पाणी शोषावं तशी शोषून घेतली. त्या वाट बघत राहिल्या. आणि मग वाऱ्याची एक झुळूक आली, धुकं विरळ झालं, आणि त्यांना फडकं दिसलं. गर्द, ताजं, कुंकुमवर्णी. आत्तापर्यंतच्या सगळ्या फडक्यांपेक्षा तांबडं.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे तिकडं पाऊल टाकलं.

चांगुणा बांधापासून पुष्कळ आत, फळीवर गुडघा टेकून शिंपल्या वेचत होती. तिनं मान वर केली. विरळ धुक्यातून तिला खुंट दिसला; खुंट ती नेहमीच पाहायची, सवयीनं, श्वास घ्यावा तसा. आज खुंटाकडं कुणीतरी चाललं होतं.

आणि चांगुणाला आनंद झाला. इतक्या वर्षांत तिच्याशिवाय कुणी त्याच्याकडं गेलं नव्हतं. सगळे लांबून हात वर करून जायचे. आज कुणी निघालंय, नीट, सरळ, त्याच्याच दिशेनं. जसा तो अजून तिथं असावा, आणि त्याच्याकडं काही काम असावं. एक क्षण, एकच क्षण, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सुखाचं होतं.

मग ते शेंदरी माणूस बुटकं झालं.

आणखी बुटकं झालं.

चांगुणाच्या हातातली शिंपल्यांची टोपली कलंडली. फळी वळली. गुडघा फळीवर, दुसरा पाय मागं, रेटा, रेटा, रेटा. म्हातारा पाय, वाळलेला पाय, पण खाडीतला पाय. तोंडावर चिखल उडत होता, छातीचा भाता झाला होता. पलीकडच्या नाळेतून, चिखलातल्या त्या अरुंद चरातून, पाण्याची एक बारीक रुपेरी जीभ आत येऊ लागली होती. भरती सुरू झाली होती. चांगुणाच्या आत एकच आक्रोश चालला होता. मी बांधलं ते. मी बांधलं ते. कालच बांधलं ते.

माणिकताई कमरेच्या वर रुतल्या होत्या. हातातली काठी केव्हाच गेली होती. खुंट त्यांच्यापासून हातभर दूर होता आणि त्या त्याच्याकडे हात ताणत होत्या. जितकं ताणत, तितक्या खाली जात.

"हलू नको गो बाय!" चांगुणा ओरडली. "लाथा मारू नको. मागं रेल. खाटेवर पडतंस ना, तशी मागं रेल."

बाईंनी ऐकलं. त्या मागं रेलल्या. चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज शाबूत होता, आणि त्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता गोंधळ होता. "मी थांबले होते हो ताई. मग लाल फडकं दिसलं. फडकं म्हणजे वाट, असं सांगितलं होतं ना?"

"व्हय," चांगुणा म्हणाली. "तसंच सांगितलं व्हतं."

तिनं फळी जवळ आणली. हात दिला तर दोघी बुडणार. फळी दिली तर ती स्वतः जाणार. बाईंच्या छातीखाली आडवं घालायला काहीतरी हवं होतं. लांब, जाड, टिकाऊ. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. चारी दिशांना चिखल होता, आणि चिखलात उभी अशी एकच वस्तू होती.

चांगुणानं खुंटाला मिठी घातली. कालवांची धार तळहातांत शिरली, दंडात शिरली. हसुरामनं तीन घावांत ठोकलेला खुंट, तो खोल असणार, घट्ट असणार, त्याला उपटायला आपली ताकद कुठून आणायची, या विचारानं ती आधीच गळून गेली होती. तिनं डोळे मिटले, दात आवळले, आणि सारं अंग झोकून तो वर ओढला.

तो आला. सहज आला. तान्ह्याच्या मुठीतून बोट सुटावं, तसा आला.

लाकूड टणक होतं, खालचं टोक अजून शाबूत होतं. पण त्याला धरून ठेवायला खाली भुईच नव्हती. कधीची गेली होती. पाट सरकला, वाट सरकली, आणि हा खुंट इतकी वर्षं कशातच रुतलेला नव्हता. चांगुणा त्याला पोटाशी धरून क्षणभर तशीच राहिली. तिला जे कळायचं ते कळलं, आणि ते फार दुखलं.

मग तिनं खुंट बाईंच्या छातीपुढं आडवा टाकला. "ह्याच्यावर हात टाक. सगला भार टाक. ह्यो बुडनार नाय." माणिकताईंनी दोन्ही हात त्यावर टाकले. चांगुणा फळीवर पालथी पडली, बाईंच्या मांडीलगत हात घालून चिखल चाळवत राहिली, त्यात पाणी जाऊ देत राहिली. चिखलाला घाई चालत नाही. एक पाय सुटला, बूट मागं ठेवून सुटला. पाणी जवळ आलं. दुसरा पाय सुटला. दोघी फळीवर आणि खुंटावर अंग पसरून, सरपटत, रेटत, टणक भुईकडे निघाल्या.

एक बाई कमी दिसताच कुंदानं बाकीच्यांना बेटाच्या काठावर टणक जागी उभं केलं होतं आणि ती वाटेनं परत धावत येत होती. धुकं आता पुरतं फाटलं होतं. तिनं वाकणाकडे पाहिलं. रोज जिथं एक उभी रेघ असायची, तिथं काही नव्हतं. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच क्षितिज कोरं होतं.

"आये!" ती किंचाळली. खुंट नाही म्हणजे आई नाही, एवढंच तिला त्या क्षणी कळलं.

मग तिला चिखलात सरपटणारं तांबडं फडकं दिसलं. ती वाटेवरून त्या दिशेनं धावली.

बाकीची माणसं भरतीच्या आत सुखरूप परत आली. दुपारी बांधावर घोंगडी पांघरून माणिकताई चहा पीत होत्या आणि एक पाय अनवाणी होता, याबद्दल सगळ्यांची क्षमा मागत होत्या. क्षमा कुणी कुणाची मागायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंही नाही. जाताना त्यांनी चांगुणाचे चिरलेले हात आपल्या हातांत घेतले आणि फक्त म्हणाल्या, "तुमचा खुंट होता म्हणून वाचले." चांगुणानं हात सोडवून घेतले. हे एवढं वाक्य ऐकणं तिला चिखलापेक्षा जड गेलं.

सगळे गेल्यावर कुंदा आईपाशी येऊन बसली. समोर भरतीचं पाणी बांधाला लागलं होतं. खुंट दोघींच्या मध्ये आडवा पडला होता.

"मी आज बोलले नाय, आये," कुंदा म्हणाली. "तू बसलीवतीस म्हनून नाय बोलले."

"ठावं हाय," चांगुणा म्हणाली. "तुजी जीभ मीच धरलीवती."

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली, तेव्हा चांगुणा घरातून पेटी घेऊन आली. पेटीतून तिनं लुगडं काढलं. अर्धं उरलं होतं. तिनं ते उन्हात एकदा पूर्ण पसरलं, त्याचा वास घेतला, त्याच्या काठावरून हात फिरवला. आणि मग काठाला दात लावून टर्रकन फाडलं.

टर्र. टर्र. टर्र. बांधावरचा बगळा उडाला. कुंदा बघत राहिली. चिंध्यांचा ढीग वाढत गेला. लुगडं संपलं. शेवटी पदर उरला, तो चांगुणानं क्षणभर गालाला लावला, आणि तोही फाडला.

मग दोघी उतरल्या. पुढं लेक, मागं आई. कुंदा टाचेनं भुई दाबत जायची, आई प्रत्येक खुंटावरचं बाजारातलं कापड सोडायची आणि आपल्या लुगड्याची चिंधी बांधायची. तिवरांच्या राईपाशी, जिथं आता वाट वळते तिथं, कुंदा थांबली. तिनं टाच रोवली. आतून शिंपल्यांचा करकर आवाज आला.

"हितं," ती म्हणाली.

तिनं हसुरामचा खुंट उभा केला आणि घाव घातला. खुंट रुतला. पुन्हा घाव, आणखी रुतला. पुन्हा घाव, आणि खुंट थरथरून थांबला. चांगुणानं दोन्ही हातांनी तो हलवून पाहिला. वारा सुटला होता, चांगला भणभणत सुटला होता. खुंट हलला नाही.

"घट बांध, आये," कुंदा म्हणाली. "ह्यो चुकला, तं सगली वाट चुकली."

चांगुणानं तोंड फिरवलं. तिचे खांदे गदगदले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली, खाडीला ऐकू जाईल असं, लाज न धरता. मग तिनं पदराची चिंधी बांधली. गाठ दातांनी आवळली.

दोघी बांधावर परतल्या तेव्हा भरती येत होती. दूर वाकणावर, जिथं कालपर्यंत खुंट होता, तिथल्या उरल्यासुरल्या पोकळीत पाणी शिरलं. एक बुडबुडा वर आला, फुटला, आणि चिखल सपाट झाला. अलीकडे, बांधापासून बेटापर्यंत, वाऱ्यावर एकच लुगडं फडफडत होतं, तुकड्यातुकड्यांनी, खुंटाखुंटावर, तांबडं, तांबडं, तांबडं. त्याच्या पायांशी पाणी आलं. पाणी चढलं. पाण्यावर फक्त फडकी उरली, आणि त्यांच्याखाली वाट.